मोठेबाबांची ट्रॉली

बुधवारी सकाळी मोठेबाबा गेले. प्रयोगशाळेत चकतीवर ट्रॉली होती. दोनशे सोळा अंशांचं माप घेऊन झालं होतं, दोनशे एकोणिसांचं व्हायचं होतं. अकरा वाजता मला वाचनालयात फोन आला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, दिगंबर खानझोडे. वडिलांच्या मोठ्या भावाला आमच्यात काका म्हणत नाहीत, मोठेबाबा म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. सिहोऱ्याहून मी शिकायला म्हणून जबलपूरला त्यांच्या घरी आले आणि शिकणं संपल्यावरही तिथेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला ते पुतणी म्हणून कधी कुणाला सांगत नसत. "ही वसू," एवढंच सांगायचे, जणू पुढचं समोरच्यानं स्वतः पाहून ठरवावं.

त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, तो आधी खुर्चीचं सांगेल. आमच्या सदर बाजारात एका न्हाव्यानं दुकान बंद केलं, तेव्हा त्याची फिरती खुर्ची मोठेबाबांनी घरी आणली आणि बैठकीच्या मधोमध ठेवली. पाहुणा आला की त्याला तिथे बसवायचं. चहा येईपर्यंत मोठेबाबा त्याच्याभोवती एक फेरी मारून घ्यायचे. गुडघा दुखत असला की फेरीऐवजी खुर्चीच फिरवायचे, अगदी हळू, पाहुण्याला कळू नये इतकी. बोलता बोलता पाहुण्याचं तोंड खिडकीकडे व्हायचं आणि आपण पडद्याशी का बोलतोय हे त्याला उमगायचं नाही.

मोठी आई आतून म्हणायची, "अहो, माणूस आहे तो. शेगडीवरचा भुट्टा नाही."

"एका बाजूनं कळत नाही वो," मोठेबाबा म्हणायचे.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. भाजी घेताना, चप्पल घेताना, डॉक्टर निवडताना तेच. गणपतीच्या देवळात ते इतक्या प्रदक्षिणा घालायचे की पुजारी त्यांना मोठे भक्त समजून आधी प्रसाद द्यायचा. एकदा मी विचारलं, इतक्या फेऱ्या कशाला? ते म्हणाले, "मागून सोंड दिसत नाही न. मागून पाहिलं तर कोण म्हणंल हा गणपती आहे म्हणून? मी पाहून राहिलो, कुठल्या कोपऱ्यापासून तो गणपती वाटायला लागतो." पुजाऱ्याला हे मी सांगितलं नाही.

हे वेड त्यांना कामातून लागलं की वेड होतं म्हणून काम जमलं, ते ठाऊक नाही. एका इंजिनीअरिंग कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. त्याच कॉलेजच्या वाचनालयात मी नोकरीला आहे. मूळचे ते पत्राकाम शिकलेले. निवृत्त झाल्यावरही त्यांना मानधनावर ठेवून घेतलं होतं, कारण त्यांच्यासारखं पत्र्याचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक सरकारी काम चालू होतं. विमानातून रडारनं जमिनीचं चित्र काढायचं आणि त्या चित्रातली गाडी कोणती हे संगणकानं आपलं आपण ओळखायचं. रणगाडा असेल तर रणगाडा म्हणायचं. मध्ये माणसानं बोलायचं नाही. ओळखल्यानंतर पुढे काय होतं, त्याबद्दल त्या खोलीत कुणी बोलत नसे.

रडारचं चित्र फोटोसारखं नसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी काळ्या कागदावर मीठ सांडलंय. मोठेबाबांनी समजावलं. जिथे दोन पत्रे काटकोनात भेटतात तिथे ठिपका चमकतो. गाडी जराशी वळली की ठिपके बदलतात. एकच रणगाडा समोरून एक दिसतो, कडेनं दुसरा, तिरपा पाहिला तर तिसराच. म्हणून संगणकाला तो सगळीकडून दाखवावा लागतो. खरा रणगाडा कोण फिरवत बसणार? मोठेबाबा पत्र्याचा वीतभर रणगाडा करायचे आणि थर्मोकोलच्या ठोकळ्यावर ठेवायचे, कारण थर्मोकोल रडारला दिसत नाही. ठोकळा चकतीवर, चकती एका बंद खोलीत, खोलीच्या भिंतींना काटेरी स्पंज. बाहेरच्या टेबलाशी बसून बटण दाबायचं, की आत चकती तीन अंश सरकून थांबायची. प्रत्येक थांब्याला एक माप. यंत्र ते स्वतःच साठवून ठेवत असे, तरी मोठेबाबा वहीत लिहायचेच. फेरी संपली की पुन्हा शून्य अंशाचं माप घ्यायचं आणि पहिल्याशी ताडून बघायचं. जुळलं तर फेरी पास. नाही जुळलं तर मध्ये कुठेतरी काहीतरी हललं आहे, सगळी फेरी रद्द.

मला त्यांनी दिलेला पहिला धडा सावलीचा होता. चित्र असं धरायचं की सावली आपल्याकडे पडली पाहिजे. उलटं धरलं तर खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. "आधी सावली आपल्याकडे घे, मग बोल." ही सवय घरीही आली. पेपरातला फोटो ते पेपर फिरवून बघायचे. लग्नाचे अल्बम त्यांच्या हातातून नेहमी उलटे परत यायचे. आत्यानं एकदा नव्या सुनेचा फोटो पाठवला, तर त्यांनी फोन डोक्यावर उभा केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उजेड डावीकडून आहे." सुनेबद्दल त्याहून जास्त काही बोलले नाहीत. आत्या महिनाभर बोलली नाही.

माझ्या पाहण्याच्या कार्यक्रमालाही ती खुर्ची होतीच. नागपूरहून मुलगा आला होता, बँकेत होता, आई सोबत होती. खरं तर ते मला पाहायला आले होते. पण मोठेबाबांनी मुलालाच खुर्चीत बसवलं. त्याच्या आईचं पोह्यांचं कौतुक करून होईतो मुलगा अर्धा फिरला होता. तो सज्जन होता. त्यानं पाय उचलून धरले, फिरवायला सोपं जावं म्हणून.

पाहुणे गेल्यावर बाबांनी विचारलं, "दादा, कसा वाटला?"

"माहीत नाही."

"म्हणजे नको?"

"नको कुठं म्हटलं मी? माहीत नाही म्हटलं."

"दोन तास फिरवून राहिला होता न त्याला."

"एकाच उजेडात पाहिला न पण."

बाबा चिडून माझ्याकडे वळले. "तू सांग वसू. हो की नाही?"

मोठेबाबा तिकडून म्हणाले, "तिला तिसरंही उत्तर आहे. माहीत नाही हे पण उत्तरच असते."

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं होतं. आमच्या घरात असं उत्तर देता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते स्थळ राहिलं. पुढची दोन-तीनही राहिली. त्याचं वाईट वाटतं का असं कुणी विचारलं तर मला अजूनही तेच उत्तर येतं.

आता ट्रॉलीचं.

सहा वर्षांपूर्वी शहपुऱ्याच्या बाजूला विमानातून चित्रं घ्यायचं ठरलं. त्या भागात दोन-तीन जुन्या लष्करी गाड्या मुद्दाम उभ्या केल्या होत्या. त्याच दिवशी मोठ्या आईच्या भाचीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो, मोठेबाबांना सुट्टी मिळाली नाही. विमान उडत असताना चकतीवाल्यानं प्रयोगशाळेत काय करायचं असतं, हे मोठ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. त्यानंतरचं प्रत्येक भांडण, मग ते कूलरच्या पाण्यावरून का सुरू झालं असेना, भाचीच्या लग्नाशी येऊन थांबायचं. "माझ्या भाचीच्या लग्नाला आला नाही तुम्ही." यावर मोठेबाबांकडे उत्तर नसायचं. ते चष्मा पुसायचे.

चित्रं आली. संगणकानं उभ्या केलेल्या गाड्या ओळखल्या. शिवाय रस्त्यावरच्या आणखी एका ठिपक्यांच्या पुंजक्यालाही तो रणगाडा म्हणाला. प्रयोगशाळेत त्यावर चर्चा चालली होती. मोठेबाबांनी चहाचे कप उचलता उचलता तो कागद फिरवला, सावली आपल्याकडे घेतली आणि म्हणाले, "ये तो ट्रॉली है. ट्रैक्टर की."

कामाच्या प्रमुख डॉ. शुक्ला मॅडम होत्या. हुशार, नेटक्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "कैसे कह सकते हैं?"

"चार पल्ले हैं, एक तली है. जहाँ मिलते हैं वहाँ सब काटकोन. चमकेगी ही." पल्ले म्हणजे ट्रॉलीच्या चार बाजूंचे पत्रे. घाईत त्यांचं हिंदी संपून मराठी सुरू व्हायचं.

ती चूक कागदोपत्री एक चूक म्हणून राहिली आणि सगळे पुढे गेले. मोठेबाबा गेले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून एक नवीन पेटी केली. पेटीवर खडूनं लिहिलं, "हे नव्हे". प्रयोगशाळेत सगळे संगणकाला रणगाडे शिकवत होते. मोठेबाबांनी त्याला जे रणगाडे नाहीत ते शिकवायचं ठरवलं.

त्यासाठी ते रविवारी पहिल्या बसनं सिहोऱ्याला जायचे. तिथे माझ्या बाबांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे समोर गाड्या उभ्याच असतात. मोठेबाबा टेप घेऊन एकेका ट्रॉलीभोवती फिरायचे, बसून खालून बघायचे, वहीत काढायचे.

"भैया, लेना है क्या?" शेतकरी विचारायचा.

"नहीं."

"तो बेचना है?"

"नहीं, नहीं. चारों तरफ से देखना है बस."

पहिल्या रविवारी कुणीतरी आवई उठवली की आरटीओचा माणूस आलाय. तासाभरात निम्मे ट्रॅक्टर बाजारातून गेले. बाबांच्या दुकानात दिवसभर माशी फिरकली नाही. ते म्हणाले, "दादा, तुम्ही पुढच्या वेळी घरीच या, जेवा आणि जा." पण नंतर लोक सवयीचे झाले. एक पटेल म्हणून म्हातारा होता, तो मोठेबाबा दिसले की आपली ट्रॉली स्वतःच वळवून उभी करायचा. "उधर से भी देख लो दादा. पीछे से ज़्यादा सुंदर है."

अशा रीतीनं पेटी भरली. मळणीयंत्र, पाण्याचा टँकर, बँडवाल्यांचा रथ, उसाच्या रसाचा गाडा, शाळेची बस. सगळं पत्र्याचं, वीतभर, दारं उघडणारं. मोठ्या आईची स्टीलच्या डब्यांची फळीसुद्धा त्यांना करायची होती. "आपल्या घरात रडारला सगळ्यात जास्त काय दिसंल सांगू? तुझे डबे." मोठी आई म्हणाली, "त्यांना तरी दिसतात. तुम्हाला साखरेचा सापडत नाही."

पण त्यांचा जीव ट्रॉलीत होता. आणि ट्रॉलीतच त्यांनी तो प्रकार केला ज्यावरून सगळं अडलं. त्यांनी तिच्यात माणसं बसवली.

माणसं कणकेची होती. मोठी आई पोळ्यांना कणीक भिजवायची तेव्हा ते एक गोळा मागून घ्यायचे, बोटाएवढी माणसं करायचे आणि गच्चीवर वाळवायचे. ओली कणीक रडारला थोडी दिसते, वाळल्यावर जवळपास दिसत नाही.

"माझ्या पोळ्या आता विमानातून पाहून राहिले लोक," मोठी आई शेजारणीला सांगायची.

मी विचारलं, "मोठेबाबा, माणसं रडारला दिसत नाहीत न? मग कशाला?"

"पत्र्यापुढं माणूस नाहीच दिसत. म्हणून तर पत्रा नीट ओळखला पाहिजे."

"ते ठीक आहे. पण मग बसवता काहून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं मी विचारू नये ते विचारलं. "रिकामी ट्रॉली कधी पाहिली तू?"

ट्रॉलीच्या दोन फेऱ्या रद्द झाल्या. पहिल्या वेळी एका प्रवाशाला मुंग्यांनी आतून पोखरलं होतं, तो मधेच कोसळला. दुसऱ्या वेळी एक जण घसरून पल्ल्याला टेकला आणि पल्ला हलला. दोन्ही वेळा शेवटचं माप पहिल्याशी जुळलं नाही.

शुक्ला मॅडम एकदा हे बोलल्या तेव्हा मी मासिकं द्यायला गेले होते.

"खानझोडे जी, आदमी निकाल दीजिए. दिखते तो हैं नहीं."

"निकालूँगा नहीं मैडम. चिपका दूँगा."

"और एक बात. आपकी चीज़ें डालते हैं तो मशीन असली टैंक पर भी हिचकती है. कहती है, पता नहीं."

"कहना चाहिए न."

"रिव्यू में 'पता नहीं' के नंबर नहीं मिलते."

"नंबर तो कटेगा मैडम," मोठेबाबा म्हणाले. "ट्रॉली बच जाएगी."

मॅडम म्हणाल्या की पेटीतलं सगळं काही घेता येणार नाही. खोली शुक्रवारनंतर दुसऱ्या विभागाला जाणार आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत ट्रॉलीची एक फेरी पास झाली, तर ट्रॉली तेवढी 'हे नव्हे'च्या यादीत जाईल. नाही झाली तर पेटी घरी न्यावी लागेल.

हे त्याच आठवड्यातल्या सोमवारी झालं. मंगळवारी मोठेबाबांनी माणसं डिंकानं चिकटवली आणि डिंक वाळू दिला. संध्याकाळी घरी आले ते खुशीत होते. मोठ्या आईसाठी खोव्याची जिलबी आणली होती. तिनं बशी पुढे केली तर बशी फिरवून सगळीकडून पाहिली, मगच एक उचलली. बुधवारी साडेआठलाच कॉलेजात गेले. बाहेरच्या टेबलाशी बसले, शून्य अंशापासून फेरी सुरू केली. दहाच्या पुढे कधीतरी पेन हातात असतानाच ते गेले.

शुक्रवारी सकाळी घरात माणसं होती. अस्थी आणायला पुरुष गेले होते. मी मोठ्या आईजवळ बसले होते. ती मला हळू आवाजात म्हणाली, "त्यांची ती फेरी झाली का?"

मी म्हटलं, नाही, दोनशे सोळावर राहिली.

"मग तू इथं काय करून राहिली?"

आत्या शेजारी होती. ती म्हणाली, "वहिनी, सुतकात कॉलेजात पाठवता का पोरीला? लोक काय म्हणतील?"

"जाऊ दे तिला," मोठी आई म्हणाली. "त्यांनी काही अर्धं टाकलं नाही आजवर. माझ्या भाचीचं लग्न सोडून."

मी गेले तेव्हा प्रयोगशाळेत शुक्ला मॅडम एकट्याच होत्या. बुधवारपासून आतल्या खोलीला त्यांनी कुलूप लावून ठेवलं होतं. किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली, पण दार उघडलं नाही. म्हणाल्या, "अंदर कोई नहीं गया. हम भी नहीं जाएँगे. आप उनकी जगह बैठिए. बटन दबाइए, आँकड़ा पढ़िए. मैं लिखती हूँ."

मी मोठेबाबांच्या जागेवर बसले. टेबलावर त्यांची वही उघडी होती. दोनशे सोळाच्या ओळीत त्यांचं अक्षर होतं, नेहमीचं, उजवीकडे झुकलेलं. खालच्या ओळीत नुसतंच "२१९" लिहिलेलं होतं आणि पुढे रिकामं. मी बटण दाबलं. आत काहीतरी बारीक घरघरलं आणि थांबलं. मी आकडा वाचला. मॅडमनी तो २१९ च्या पुढे लिहिला.

दोनशे बावीस. दोनशे पंचवीस. तीनशेच्या पुढे मी बटण हळू दाबायला लागले. दाराच्या पलीकडे डिंक सुटला असेल, मुंगी शिरली असेल, तर आम्हाला शेवटीच कळणार होतं. तीनशे सत्तावन्न झालं. मग पुन्हा शून्य.

मी आकडा वाचला. मॅडमनी वहीचं पहिलं पान काढलं, तिथला आकडा पाहिला, मग आत्ताचा.

"दो का फ़र्क है," त्या म्हणाल्या.

"चलेगा?"

"वो तीन तक चला लेते थे." त्यांनी ओळीखाली रेघ मारली आणि बाजूला 'पास' लिहिलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. मोठेबाबांची सवय त्यांना लागली होती की त्यांना डोळे पुसायचे होते, मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी खण उघडून एक कागद काढला. "ये उनकी मेज़ पर काँच के नीचे रहता था. बाहर नहीं जा सकता. आप देख लीजिए."

शहपुऱ्याकडचं ते चित्र होतं. काळ्यावर सांडलेलं मीठ आणि मधे तो चमकणारा पुंजका. मी कागद फिरवून सावली माझ्याकडे घेतली. मग मला पल्ले दिसले, तळ दिसला. मागच्या बाजूला मोठेबाबांनी पेन्सिलीनं तारीख लिहिली होती, आणि खाली, "शहपुरा रस्ता, सकाळी दहाचा सुमार. तीच का? माहीत नाही."

तारीख भाचीच्या लग्नाची होती. त्या दिवशी आम्ही शहपुऱ्याला बसमधून उतरलो आणि मुलीकडच्यांनी पाठवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गावात गेलो. दहा वाजले असतील. माझे आई-बाबा होते, मोठी आई होती, आत्या, तिचे यजमान, त्यांची मुलगी आणि मी. रस्ता वाईट होता. मोठी आई शालूची पिशवी मांडीवर घट्ट धरून ड्रायव्हरला सांगत होती, "भैया, शादी में जाना है, अस्पताल नहीं." आत्याच्या मुलीला मी नंतर विचारलं. ती म्हणते, वरून विमान गेलं होतं आणि तिनं त्याला हात केला होता. मला विमान आठवत नाही. त्या रस्त्यानं दिवसाला कितीतरी ट्रॉल्या जातात, तीही एखादी दुसरीच असेल. सहा वर्षं तो कागद काचेखाली ठेवूनही मोठेबाबांनी ती आमची आहे असं लिहिलं नव्हतं. नाही असंही लिहिलं नव्हतं. घरी ते याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, मोठ्या आईला तर नाहीच. भांडणात ती लग्न काढायची तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर होतं, पण ते उत्तर तिला सांगण्यासारखं नव्हतं.

मॅडमनी दार उघडलं. ट्रॉली त्यांनी स्वतः उचलून माझ्या हातात दिली.

घरी गेल्यावर मी ती मोठ्या आईसमोर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. कागदाचं, तारखेचं, माहीत नाहीचं. तिनं ट्रॉली जवळ ओढली, कणकेच्या माणसांवर बोट ठेवत मोजलं. कोपऱ्यातल्या एका बाईच्या मांडीवर पिशवी होती. तिथे तिचं बोट थोडं थांबलं.

"आठ आहेत," ती म्हणाली. "आपण तर सात होतो."

आठवा मागच्या पल्ल्याला टेकून बसला होता, तोंड बाकीच्यांकडे करून.

मोठी आई त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आले एकदाचे लग्नाला."

मग ती रडली. बुधवारपासून पहिल्यांदा.

ट्रॉली यादीत गेली. महिन्याभरानं शुक्ला मॅडम वाचनालयात आल्या, एक पुस्तक परत केलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं की रिव्ह्यूमध्ये नंबर कमी आले. शहपुऱ्याचं ते चित्र आता दाखवलं तर संगणक रणगाडा म्हणत नाही. ट्रॉलीही म्हणत नाही. 'पता नहीं' म्हणतो.

फिरती खुर्ची अजून बैठकीत आहे. तिच्यावर ट्रॉली ठेवली आहे, पाहुणे सतरंजीवर बसतात. कणकेची माणसं फार दिवस टिकत नाहीत, त्यांना मुंग्या लागतात. मग मोठी आई पोळ्यांच्या कणकेतून एक गोळा बाजूला काढते, गच्चीवर वाळवते आणि नवी माणसं बसवते. आठ करते.